खाडीकाठचे ठाणे उतरले, त्या जांभळ्या रेघेची हकीकत

॥ श्री हिमदेवता वरदा ॥

स्वस्ति श्री शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्रापासोन कार्तिकापर्यंत उत्तरेच्या मुलुखी पायचेंडूची जी मोहीम जाहली, तींत खाडीकाठचे ठाणे वरल्या दरबारातून कैसे उतरले, येविशी आपण पुसले. त्यावरून जे डोळां देखिले आणि जे देखिलेल्यांनी सांगितले, ते लिहितो. मुलुखाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. जेथे समुद्र डोंगरांत शिरून बसला आहे, जेथे उन्हाळ्यात सूर्य निजत नाही आणि हिवाळ्यात उठत नाही, आणि जेथील माणूस दिवसाकाठी सहा शब्द बोलला तर शेजारी त्यास वाचाळ म्हणतात, तोच मुलूख समजावा. त्या राज्यी सोळा ठाणी वरल्या दरबारची, आणि प्रत्येक ठाण्याने उरल्या पंधरांशी दोन दोन वेळ लढावे, एकदा घरी, एकदा परक्या गावी, ऐशा तीस लढाया. लढाई म्हणजे अकरा इसम इकडे, अकरा तिकडे, मध्ये एक चेंडू; जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक, हरल्यास हात हलवीत परत. वर्षाअखेर अव्वल येईल त्याची मिरवणूक, आणि तळाचे जे दोन, त्यांनी खालच्या दरबारी उतरावे. तेथून परत वर येण्यास कोणास एक वर्ष लागले, कोणास वीस, आणि कोणी आलेच नाहीत.

खाडीकाठचे किल्लेदार हालवरजी, म्हणजे दोन खांबांमधले जाळे राखणारे, ज्यांसच काय तो चेंडूस हात लावण्याचा हुकूम. वय अडतीस, एकाच ठाण्याची चाकरी एकोणीस वर्षे, उजव्या हाताची दोन बोटे मोडून वाकडी बसलेली. चैत्रात, पहिल्याच दिवशी, त्यांनी जाहीर केले की हे आपले शेवटले साल. सबब कोणी पुसली नाही. गुडघे चालताना वाजत ते सर्वांस ऐकू येत होते. मनी मात्र एकच होते, की आपण निघावे तेव्हा ठाणे वर असावे. दार लावून जावे, दार मोडून जाऊ नये. हे ते कोणापाशी बोलले नाहीत, एक गुनवोरबाई सोडून. गुनवोरबाई मैदानाच्या कारभारीण, बावीस वर्षे तेथले गवत, रेषा आणि बर्फ त्यांच्याच हाती. त्यांनी ऐकोन घेतले आणि म्हणाल्या, "मग चेंडू धरा की." येवढाच सल्ला जाहला.

परंतु मोहिमेचा आरंभच खोटा निघाला. पहिल्या लढाईत अव्वल ठाण्याने पाच गोल चढविले, दुसरीत तीन, आणि मग वैशाखात तो दिवस आला की राष्ट्राच्या मोठ्या सणाच्या पूर्वदिवशी सारे राज्य मैदानांवर लोटते, पोरे झेंडे घेऊन आणि बाया कशिद्याचे झगे घालून येतात. त्या दिवशी साध्या घरंगळत आलेल्या चेंडूवर हालवरजी वाकले आणि चेंडू पायांमधून जाळ्यात गेला. नऊ हजार माणसांनी एकदम श्वास आत घेतला. शिवी कोणी दिली नाही, आणि तेच वाईट. शिवी दिली असती तर किल्लेदारांनी उलट दिली असती आणि जेवून निजले असते. पुढे आषाढात, जेव्हा भर उन्हात सायंकाळच्या लढाया होतात, दैवाने थोडे तोंड दाखविले, तीन लढाया मारल्या, आणि लोक म्हणू लागले की ठाणे वाचले. मग श्रावणात पडदेवाल्या न्यायाधीशांनी, जे दूर कोठडीत बसोन चित्रे पाहोन निवाडा देतात, खाडीकरांचे दोन धडधडीत गोल रद्द केले, आणि लोक ऐसे खवळले की मासळीचे वडे मैदानात फेकले, इतके की खेळ अर्धा तास खोळंबला आणि समुद्रपक्ष्यांची चंगळ जाहली. भाद्रपदात सरनौबत, म्हणजे खेळाडूंचे शिकवणारे, काढले; त्यांचे जागी एस्किलराव आले, उंच, किडकिडीत, आणि जिंकले काय नि हरले काय, तोंडावर एकच भाव. त्यांनी बाकी काही न करिता किल्लेदारांस येवढेच सांगितले की, "तुमची जागा मी कोणास देत नाही." हालवरजींस त्या दिवशी घरी जाऊन रडू आले, आणि ते त्यांनी बायकोस सांगितले, हेही त्या मुलुखी पहिल्याने घडले.

मग एक एक करीत कार्तिक लागला आणि गुणांची फर्द ऐशी उभी राहिली: सोळावे ठाणे कधीच बुडाले होते, त्याची आशा त्याच्या मालकांनीही सोडली होती. राहिली एकच बुडण्याची जागा. खाडीकर अठ्ठावीस गुणांवर, पंधरावे. त्यांचे वर लाकडाच्या वखारींचे दक्षिणेकडील ठाणे, तीस गुणांवर, चौदावे. आणि शेवटली लढाई ह्या दोघांचीच, खाडीकाठी. हिशेब लहान पोरासही कळावा: खाडीकर जिंकले तर ते राहतील आणि वखारकर उतरतील, हरले, अगर बरोबरी जरी जाहली, तरी खाडीकर उतरतील.

कार्तिक वद्य नवमी, रविवार. त्या मोसमात तेथे दुपारीच काळोख, म्हणोन मैदानाचे चारी कोपरे दिव्यांनी उजळले. वखारकरांची तीनशे माणसे आदले दिवशी जहाजाने आली होती आणि दक्षिणेकडील जाळ्यामागे दाटीने उभी होती. शिट्टी जाहली आणि खाडीकर ऐसे तुटोन पडले की अकराव्या मिनिटास उजव्या फळीच्या शिलेदाराने चेंडू जाळ्यात घातला. एक शून्य. आरोळी खाडीपार गेली. हालवरजींनी आरोळी दिली नाही. त्यांनी आकाशाकडे पाहिले, कारण गालावर काही तरी गार टेकले होते. मग बर्फ आले. आधी भुरभुर, मग कापसाचे गठ्ठे कोणी वरून फोडावे तैसे, आणि मध्यंतर होईतो मैदान एकसारखे पांढरे; रेषा कोठे, गवत कोठे, काही समजेना. नारिंगी चेंडू तेवढा दिसे.

पंच मध्यावर उभे राहिले आणि दोन्ही सरनौबतांस बोलावून म्हणाले, "पंधरा मिनिटांत चारी बाजूंच्या रेषा मला दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर लढाई रद्द. पुन्हा दुसऱ्या दिवशी, शून्यापासून." खाडीकरांचा एक गोल पाण्यात जाणार, हे ऐकोन एस्किलरावांच्या तोंडावरील भाव पहिल्यानेच बदलला.

आता त्या मुलुखी एक रीत आहे. गावचे काम निघाले, कुंपण, वाट, शाळेचे छप्पर, वा बर्फ, की ज्याने त्याने आपले फावडे घेऊन यावे. वेठ नव्हे, मजुरी नव्हे, बोलावणेही नव्हे. काम सरल्यावर कॉफी प्यावी, गोड पोळी खावी आणि घरी जावे. जो येत नाही त्यास कोणी काही बोलत नाही, आणि तो जन्मभर ते विसरत नाही. तेव्हा गुनवोरबाईंनी कोठाराचे दार उघडले आणि खाडीकर तीन बाजूंनी फावडी घेऊन मैदानात उतरले, म्हातारेकोतारे, डॉक्टर, नगराध्यक्ष, सारे. खेळाडूही उतरले. परंतु चौथी बाजू, दक्षिणेकडले जाळे, तेथले फाटक वखारकरांच्या बाजूने उघडणारे, आणि वेळ थोडा. वखारकरांनी नुसते हात खिशात ठेविले असते तरी त्यांचे काम फत्ते होते. त्यांच्यातील एक दाढीवाला मोठ्याने बोललाही, "हलू नका. पडू द्या बर्फ. उद्या नव्याने खेळू." हालवरजी जाळ्यापाशी फावडे घेऊन एकटेच उपसत होते, त्यांनी ते ऐकले. त्या दाढीवाल्याचे काय चुकले? किल्लेदारही त्याच जागी असते तर हेच म्हणते.

इतक्यात गर्दीतून एक बाई पुढे आली, वय सत्तरीचे पुढे, हिरवी लोकरी टोपी. तोर्दिस आजी तिचे नाव, वखारीतील लाकूड मोजणाराची विधवा, चाळीस वर्षे एकही लढाई न चुकविलेली. ती दाढीवाल्यास म्हणाली, "बर्फ पडलं की फावडं उचलायचं. खेळाचं नंतर बघू."

"आजी, आपण उतरू ना खाली!"

"मग उतरू. हात खिशात घालून वर राहायचं का?"

आणि तिने फाटकाची कडी काढली. तीनशे माणसे क्षणभर उभी राहिली, मग एक आला, मग दहा आले, आणि मग दाढीवालाही आला, शिव्या देत, पण सर्वांत जोरात उपसू लागला. हालवरजींस काही बोलावेसे वाटले, परंतु त्या मुलुखी ऐशा वेळी काय बोलतात ते ठरलेले नाही, म्हणोन ते अधिक वेगाने उपसू लागले.

बर्फ निघाले तरी खाली गोठून पापुद्रा राहिला, त्याखाली पांढरी रेषा दिसेना. ऐशा वेळी वरून लाल रंगाची रेषा मारितात. गुनवोरबाईंनी रंगाचा डबा घेऊन तीन बाजू मारल्या, आणि दक्षिणेच्या जाळ्यापाशी येता येता डबा संपला. दोन खांबांमधली रेषा, जी सर्वांहून महत्त्वाची, तीच राहिली. मिनिटे उरली तीन. बाई कोठाराकडे धावल्या, आणि पंच घड्याळ पाहत जवळ आले. तेव्हा तोर्दिस आजीने पिशवीतून आपला थर्मास काढिला. रानात आंबटगोड काळी फळे होतात, त्यांचे जांभळे सरबत त्या मुलुखी थंडीत कढत पितात. तो थर्मास भरलेला होता. ती किल्लेदारांस म्हणाली, "एका खांबापासनं दुसऱ्यापर्यंत ओतते. रेघ उमटेल. तुम्ही बघा सरळ आहे का."

हालवरजी खांबाशी ओणवे जाहले, एक डोळा मिटिला. आजी ओतू लागली, आणि कढत सरबत पापुद्र्यात चर काढीत गेले, आणि मागोमाग थिजून काचेसारखी जांभळी रेघ जाहली. मध्यावर हालवरजी म्हणाले, "पुढे घ्या. अजून थोडे पुढे." आजीने हात पुढे घेतला. मग दुसरा खांब आला आणि थर्मास रिता जाहला. पंचांनी पाहिले, मान डोलाविली, आणि म्हणाले, "चालेल."

उत्तरार्ध सुरू जाहला, आणि बर्फ पुन्हा सुरू जाहले. वखारकरांस आता गोल पाहिजे, नाही तर ते गेले. ते एकसारखे चालून येत आणि हालवरजी एकसारखे धरीत. साठाव्या मिनिटास डावीकडे झेप, सत्तराव्यास वाकड्या बोटांनी चेंडू खांबावर, ऐंशीव्यास गर्दीत शिरून मुठीने बाहेर. वैशाखातील तो घरंगळता चेंडू मनातून पुसला जात होता. इतर सात लढाया एव्हाना संपल्या होत्या, कारण तेथे बर्फ नव्हते. सारे राज्य आता ह्या एका मैदानाकडे कान लावोन बसले. मिनिटे उरली सहा. बायको कोठे उभी आहे ते हालवरजींनी शोधिले आणि सापडली; ती दोन्ही हातांनी तोंड झाकोन उभी होती.

मग चेंडू उंच आला. बर्फात दिव्यांपुढे दिसेनासा जाहला, आणि दिसला तेव्हा डोक्यावर होता. हालवरजी मागे सरत उडाले, चेंडू हातांत आला, आणि वखारकरांचे दोघे अंगावर आले, तिघेही आडवे. हालवरजी पोटाखाली चेंडू घेऊन जाळ्याकडे तोंड करून पडले होते. वर कोलाहल उठला: वखारकर ओरडतात आत, खाडीकर ओरडतात बाहेर. पंच धावत आले, त्यांस पाठी तेवढ्या दिसत होत्या. त्यांनी कानातील यंत्रात पडदेवाल्यांस पुसले, तेथून उत्तर आले की आम्हास पांढऱ्यावाचून काही दिसत नाही, तुम्हीच ठरवा.

नियम ऐसा की चेंडू सगळाच्या सगळा रेषेपार गेला तरच गोल. केसभर जरी रेषेवर राहिला तरी नाही. हालवरजींनी डोळे उघडले. कोपराखाली जांभळी रेघ होती, भुरभुर बर्फाखाली स्वच्छ. आणि चेंडू रेघेच्या आत. दोन बोटे आत. चेंडू आणि रेघ यांमध्ये दोन बोटांचे पांढरे बर्फ दिसत होते, आणि ते दुसऱ्या कोणास दिसत नव्हते. नव्हते कैसे, दिसत होते: जाळ्यामागे चार हातांवर तोर्दिस आजी रिता थर्मास धरून उभी होती आणि नेमके तेथेच पाहत होती. ती ओरडली नाही. तिने ओठही हलविला नाही.

कोपर जरा मागे ओढिले असते तर चेंडू रेघेवर आला असता. वीतभरही नको होते. एकोणीस वर्षे, दार लावून जाणे, एस्किलरावांचे ते वाक्य, बायकोचे झाकलेले तोंड, सारे त्या दोन बोटांत येऊन बसले. हालवरजींस भय वाटले. इतके भय आयुष्यात वाटले नव्हते. पंच वाकून म्हणाले, "किल्लेदार, मला दिसलं नाही. तुम्हाला?"

हालवरजी म्हणाले, "आत आहे."

पंचांनी पुन्हा पुसले नाही. शिट्टी जाहली, हात मध्याकडे गेला. एक एक.

पुढली मिनिटे सांगण्यासारखी नाहीत. खाडीकर जिवाच्या आकांताने चालून गेले, शेवटच्या कोपऱ्याच्या चेंडूस हालवरजी खासे आपले जाळे सोडोन परमुलुखी धावले, डोक्याने चेंडू मारिला, आणि तो आडव्या खांबावरून निघोन गेला. मग लांब शिट्टी. वखारकर एकमेकांच्या गळ्यांत पडले. खाडीकर उभे राहिले तैसे उभेच. एस्किलराव येऊन म्हणाले, "काय केलंत, किल्लेदार?"

"चेंडू आत होता."

"ते नाही विचारलं मी," म्हणाले, आणि मग त्यांनी किल्लेदारांच्या खांद्यावरील बर्फ झाडिले आणि निघोन गेले. लोकांनीही शिवी दिली नाही. रांगेने फावडी कोठारात ठेविली आणि घरी गेले. तोर्दिस आजी फाटकापाशी येऊन म्हणाली, "मी बोलले नसते."

"ठाऊक आहे," हालवरजी म्हणाले.

दुसरे दिवशी, दिवस उगवला तितका उगवल्यावर, सकाळी दहाचे सुमारास, किल्लेदार आपल्या खणाची किल्ली परत देण्यास मैदानावर गेले. रात्र निवांत गेली होती, ऐसे म्हणवत नाही, परंतु एक गोष्ट त्यांनी घट्ट धरिली होती: ठाणे गेले ते गेले, आपण खोटे बोललो नाही. येवढ्यावर पुढले आयुष्य काढता येईल, ऐसे वाटत होते. आकाश निरभ्र, बर्फ पडण्याचे चिन्ह नाही. आणि पाहतात तो गुनवोरबाई दक्षिणेच्या जाळ्यापाशी फावडे चालवीत आहेत, पण उलटे. बावीस वर्षे ज्या बाईने मैदानावरील बर्फ बाहेर काढिले, ती बाहेरचे बर्फ आत ओढीत होती.

"बाई, हे काय?"

"काही नाही. घरी जा, किल्लेदार."

ते जवळ गेले. मोसम सरला की बाई मैदानावरील पापुद्रा कढत पाण्याने काढून गवत झाकून ठेवीत. सकाळी तेच करावयास घेतले होते. दोन खांबांमध्ये, जांभळ्या रेघेच्या मागल्या अंगास, पाणी ओतले होते, तेथे खालची खरी पांढरी रेषा उघडी पडली होती, सरळ, बाईंनी स्वहस्ते आखलेली. आणि तिजवर जांभळी. दोन्ही खांबांशी दोन्ही रेषा एक. परंतु मध्यावर, जेथे चेंडू पडला होता, तेथे जांभळी मैदानाच्या अंगास पोट काढून गेली होती. हालवरजी गुडघ्यांवर बसले, गुडघे वाजले, आणि वाकडी बोटे मध्ये ठेवून पाहिले. चार बोटे.

चेंडू जांभळ्या रेघेच्या आत दोन बोटे होता. म्हणजे खऱ्या रेषेवर होता. म्हणजे गोल नव्हता.

आजी सरळच ओतीत होती. पुढे घ्या, अजून थोडे पुढे, हे त्यांनीच सांगितले होते. एकोणीस वर्षे जो इसम रेषेच्या पाऊलभर पुढे उभा राहून जग पाहतो, त्याच्या डोळ्यास रेषाही तेथेच दिसते. किल्लेदारावाचून ती चूक कोणाच्या हातून झाली नसती. गुडघे पुन्हा वाजवीत ते उठले. मग म्हणाले, "हे कोणाला दाखवलंत?"

"कुणाला दाखवू?" गुनवोरबाई म्हणाल्या, आणि फावडे भरून बर्फ मध्यावर टाकिले. "सकाळपासनं बर्फ पडतंय."

हालवरजींनी स्वच्छ आकाशाकडे पाहिले. मग कोठारात जाऊन दुसरे फावडे आणिले आणि बाईंच्या शेजारी उभे राहून बर्फ आत ओढू लागले. काम सरल्यावर दोघे कॉफी प्याले आणि घरी गेले.

येणेप्रमाणे त्या साली सोळांतून दोन ठाणी उतरली, त्यांत दुसरे खाडीकाठचे. दरबारच्या फर्दीत शेवटली लढाई बरोबरी, एक एक, ऐशी नोंद आहे आणि तीच राहावी. वखारकर वर राहिले. किल्लेदार आता पोरांस चेंडू धरण्यास शिकवितात, आणि प्रत्येकास पहिल्या दिवशी खांबाशी उभे करून रेषा मागून पाहावयास लावितात, का ते सांगत नाहीत. तोर्दिस आजी सालोसाल थर्मास भरून जाळ्यामागे उभी राहते. तिला काही ठाऊक नाही. ही हकीकत लिहू नये, ऐसे गुनवोरबाईंनी लिहिणारास बजाविले, परंतु लिहून जाहल्यावर बजाविले, म्हणोन राहिली. वाचणाराने वाचावी आणि वरून बर्फ ओढावे.